पडद्यावरचा श्रमिक कोठे गेला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगार आणि सहकारी संस्थांची दुरवस्था या विषयांच्या शेजारी संयोजकांनी चित्रपट हा विषय ठेवला आहे. चित्रपटाचा आणि आपल्या कामाचा संबंध काय, अशी शंका काही साथींच्या मनात असेल. ती अस्थानी नाही. आपल्या चळवळीत चित्रपटाकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. पहिली, तो तरुणांना बिघडवतो म्हणून नाके मुरडण्याची. दुसरी, तो आवडीने पाहायचा पण त्याविषयी गंभीरपणे बोलायचे नाही, अशी. परंतु ज्याच्या हाती वर्तमानपत्र पडत नाही आणि ज्याच्या गावी आपली सभा होत नाही, त्याच्यापर्यंतही चित्रपट पोचतो. न्याय कसा मिळतो, श्रीमंती कशी येते, बाईने कसे वागावे, शत्रू कोणाला मानावे, यांची चित्रे कोट्यवधी माणसांच्या मनात तेथे उमटतात. अशा माध्यमाचा राजकीय विचार न करणे आपल्याला परवडणारे नाही. आपल्या विरोधकांनी तो केव्हाच सुरू केला आहे.

मी अर्थशास्त्र शिकवीत आलो. चित्रपटाच्या कलेविषयी माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणारे पुष्कळ आहेत. मी हिशेबाच्या बाजूने बोलणार आहे. कादंबरीकाराला कागद आणि वेळ लागतो; चित्रपटाला भांडवल लागते, आणि ते व्याजासह परत यावे लागते. ही परतफेड दीर्घकाळ तिकिटाच्या खिडकीवर होत आली. त्यामुळे खिडकीपुढे जो उभा राहतो त्याच्या जीवनाला, त्याच्या रागाला आणि त्याच्या स्वप्नाला पडद्यावर जागा मिळते. जो तेथून हटतो तो कालांतराने पडद्यावरूनही हटतो. मात्र खिडकीपुढे कोण उभा राहील हे बाजार एकटा ठरवीत नाही. सरकारचे कर, शहरातील जमिनीचे नियम, परवाने आणि सवलती मिळून ते ठरवतात. गेल्या काही दशकांत भारतीय चित्रपटात जे बदल झाले त्यांचा अर्थ या सूत्राने बराचसा उलगडतो, एवढेच मला आज मांडायचे आहे.

पिटातला प्रेक्षक

आरंभ थोडा मागून करू. प्रभातने १९४१ साली ‘शेजारी’ काढला. एक हिंदू आणि एक मुसलमान म्हातारा, दोघे जिवाभावाचे शेजारी. धरण बांधू पाहणारा धनिक त्यांच्यात फूट पाडतो आणि अखेर त्या धरणाच्या पाण्यातच दोघांचा अंत होतो. जातीय तेढीच्या मागे जमिनीचे आणि पैशाचे हितसंबंध असतात, हे सांगायला तेव्हाच्या व्यावसायिक कंपनीला भय वाटले नाही. १९४६ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘धरती के लाल’ बंगालच्या दुष्काळावर आला. त्याच वर्षी चेतन आनंद यांच्या ‘नीचा नगर’ला कान येथील महोत्सवात सर्वोच्च पारितोषिकाचा मान मिळाला. त्याचा विषय होता वरच्या वस्तीची घाण खालच्या वस्तीत सोडणारा धनाढ्य.

स्वातंत्र्यानंतरचे चित्र आपल्या परिचयाचे आहे. ‘दो बिघा जमीन’ (१९५३) मध्ये शेतकरी जमीन सोडवण्यासाठी कलकत्त्यात रिक्षा ओढतो आणि तरीही जमीन जाते. ‘श्री ४२०’ (१९५५) मध्ये फुटपाथवर झोपणाऱ्यांना स्वस्त घराचे आमिष दाखवून लुबाडले जाते. १९५७ या एका वर्षात ‘मदर इंडिया’मधला सावकार आला, ‘नया दौर’मधला टांगा आणि मोटार यांचा झगडा आला आणि ‘प्यासा’मधला बाजाराला नकार देणारा कवीही आला. इकडे मराठीत आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला (१९५३) पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. साने गुरुजींच्या पुस्तकातली कोकणातली गरिबी देशाच्या पहिल्या क्रमांकाच्या चित्रपटाचा विषय झाली.

यामागे लेखक-दिग्दर्शकांची विचारनिष्ठा होती यात शंका नाही. इप्टाच्या चळवळीतून आलेली मंडळी त्यांत पुष्कळ होती. पण या निष्ठेला धंद्याचा आधारही होता, हे विसरू नये. तेव्हाच्या चित्रपटगृहात हजाराच्या आसपास खुर्च्या असत. पुढचा पिट स्वस्त, मागचे वर्ग त्याहून महाग आणि बाल्कनी सर्वांत महाग. चित्रपट पंचवीस आठवडे चालून रौप्यमहोत्सव व्हायचा तर बाल्कनीच्या भरवशावर तो होत नसे. गिरणी कामगार, हमाल, टांगेवाला, बाजाराला आलेला शेतकरी असा पिटातला प्रेक्षक दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा आला तरच धंदा होई. बाल्कनीतल्या डॉक्टरला आणि पिटातल्या हमालाला एकाच छपराखाली, एकाच वेळी हसवण्या-रडवण्याचे बंधन निर्मात्यावर होते. त्या बंधनातूनच सर्वांना समजेल अशी एक भाषा तयार झाली.

त्या काळाचे सोने करण्याची मात्र गरज नाही. या चित्रपटांत गरिबाला वर्ग होता, जात नव्हती. नायकाचे आडनाव सहसा सांगितले जात नसे. ‘अछूत कन्या’ (१९३६) किंवा ‘सुजाता’ (१९५९) यांसारखे अपवाद होते, पण त्यांत दलित स्त्री ही सवर्णांच्या दयेचा विषय होती. स्वतःच्या हक्कासाठी उभी राहणारी नव्हती. बाईच्या वाट्याला बहुधा त्यागच येई. आणि शोषणाचा शेवट एखाद्या दुष्ट सावकाराच्या मरणाने होई. सावकारी मात्र शिल्लक राही.

मोडलेली संघटना आणि संतप्त तरुण

सत्तरच्या दशकात सूर बदलला. ‘जंजीर’ (१९७३) आणि ‘दीवार’ (१९७५) यांनी संतप्त तरुण आणला. त्याच्या संतापाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी ‘दीवार’च्या आरंभाकडे लक्ष वेधू इच्छितो. नायकाचा बाप खाणकामगारांचा पुढारी आहे. मालक त्याच्या कुटुंबाला ओलीस धरून त्याची सही घेतो, कामगार त्याला गद्दार ठरवतात, तो परागंदा होतो. पुढचा सारा चित्रपट संघटना मोडून पडल्यानंतरचा आहे. गोदीत हमाली करणारा मुलगा हप्तेखोरांशी लढतो तो एकटा, आणि वर चढतो तो तस्करीच्या शिडीने.

काळ लक्षात घ्या. मे १९७४ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला आणि सरकारने तो चिरडला. ‘दीवार’ त्यानंतर काही महिन्यांनी, आणीबाणीच्या पाच महिने आधी, पडद्यावर आला. पिटातल्या प्रेक्षकाच्या अनुभवाशी तो तंतोतंत जुळला. हा प्रेक्षक अजून खिडकीपुढे उभा होता, म्हणून पडद्यावर हमाल होता, खाणकामगार होता. डिसेंबर १९७५ च्या चासनाला येथील दुर्घटनेत पावणेचारशेच्या घरात खाणकामगार बुडून मेले. तिच्या आधाराने ‘काला पत्थर’ (१९७९) निघाला. फक्त या श्रमिकाचा सामुदायिक कृतीवरचा विश्वास उडाला होता. त्याला एकटा तारणहार हवा होता. पडद्यावरच्या या तारणहाराचे पुढे राजकारणातही काय झाले, हे मी आपल्याला सांगायला नको.

मराठीत याच काळात दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ (१९७१) आला आणि ग्रामीण व कामगार प्रेक्षकांनी चित्रपटगृहे भरून टाकली. सुशिक्षितांनी द्व्यर्थी संवादांवर टीका केली, ती बऱ्याच अंशी योग्यही होती. तथापि दादा कोंडके, निळू फुले, राम नगरकर ही मंडळी राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाच्या वातावरणातून आलेली होती, हे आपण ध्यानात ठेवावे. सामान्य माणसाला हसवण्याची विद्या आपल्याच मांडवात घडली होती.

सार्वजनिक पैशाचा चित्रपट

दुसरा प्रवाह सार्वजनिक पैशाचा. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९५१ मध्ये अहवाल दिला. त्यातून पुढे १९६० मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन निघाले, त्याच वर्षी पुण्यात प्रभातच्या जागेवर चित्रपट प्रशिक्षण संस्था आली आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ (१९६९) या महामंडळाच्या पैशावर निघाला. तत्पूर्वी ‘पथेर पांचाली’ला (१९५५) पश्चिम बंगाल सरकारच्या पैशाने पूर्ण होता आले होते. ‘जाने भी दो यारों’ (१९८३) हा बिल्डर, नोकरशहा आणि वृत्तपत्र यांच्या संगनमतावरचा चित्रपटही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचाच.

सहकाराचा नमुना तर आपल्या अभिमानाचा आहे. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’साठी (१९७६) गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. दहा लाखांचे भांडवल उभे राहिले आणि निर्माते म्हणून शेतकऱ्यांचे नाव लागले. पटकथा विजय तेंडुलकरांची. दुधाच्या सहकारी संस्थेत जात कशी आडवी येते, हे त्या चित्रपटाने शेतकऱ्यांच्याच पैशाने शेतकऱ्यांना दाखवले. २०२४ मध्ये त्याची नवी केलेली प्रत कान महोत्सवात दाखवण्यात आली. महाराष्ट्रात तेंडुलकर आणि जब्बार पटेल यांनी ‘सामना’ (१९७५) काढून साखर सम्राटाला पडद्यावर आणले आणि अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून ‘सिंहासन’ (१९७९) केला. सेवा दलाच्या संस्कारात वाढलेल्या स्मिता पाटीलने ‘उंबरठा’मध्ये (१९८२) घराबाहेर पडून परत न येणारी बाई उभी केली.

कन्नडमधील ‘संस्कार’ (१९७०) या चित्रपटाशी आपले नाते याहून जवळचे आहे. यू. आर. अनंतमूर्ती यांची कादंबरी, पट्टाभिराम रेड्डी यांचे दिग्दर्शन, प्रमुख भूमिकेत गिरीश कर्नाड आणि स्नेहलता रेड्डी. अनंतमूर्ती आणि रेड्डी दांपत्य लोहियांच्या विचाराने भारावलेले होते. ब्राह्मण अग्रहाराची चिकित्सा करणाऱ्या या चित्रपटावर आधी बंदी आली आणि मग त्यालाच सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. स्नेहलता रेड्डी यांना आणीबाणीत तुरुंगात टाकले गेले. दम्याने जर्जर झालेल्या अवस्थेत सुटल्यावर जानेवारी १९७७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

या प्रवाहाचे अपयश कोठे झाले? सरकारने माल तयार करायला पैसे दिले, पण तो विकायच्या दुकानाकडे जवळजवळ लक्षच दिले नाही. कर्ज मिळाले, चित्रपट झाला, पारितोषिक मिळाले आणि डबे गोदामात गेले. ज्या भूमिहीनाविषयी चित्रपट होता त्याने तो पाहिला नाही. शहरांतील फिल्म सोसायट्यांनी मोठे काम केले, पण सभासदांच्या वर्तुळापलीकडे त्या फारशा गेल्या नाहीत. प्रदर्शनाची साधने खाजगी हातांत ठेवून निर्मितीचे सामाजिकीकरण करता येत नाही, हा धडा त्यातून घ्यायला हवा होता. सरकारने उलटा धडा घेतला. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने फिल्म्स डिव्हिजन, चित्रपट संग्रहालय, बालचित्र समिती यांचे विकास महामंडळात विलीनीकरण करण्याचे ठरवले आणि या जुन्या संस्थांचे स्वतंत्र अस्तित्व संपले.

गिरणीतून मॉलमध्ये

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्याच वर्षी आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. चित्रपटाच्या प्रेक्षकावर मात्र दोन्हींचा परिणाम झाला. मध्यमवर्ग दूरचित्रवाणी आणि व्हिडिओ घेऊन घरात बसला. संप मोडला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि गिरणगावातल्या खिडकीपुढची रांग आटली. सईद मिर्झा यांच्या ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’मध्ये (१९८०) गिरणी कामगाराचा संप होता. त्यानंतर हिंदी पडद्यावरून गिरणी कामगार दिसेनासा झाला. महेश मांजरेकर यांनी जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकावरून ‘लालबाग परळ’ काढला तो २०१० मध्ये. तोवर लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात मॉल उभा राहिला होता.

घरात बसलेल्या वर्गाला पुन्हा बाहेर काढण्याचा उद्योग १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर सुरू झाला. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) आणि ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (१९९५) यांनी वाट दाखवली. पहिल्यात श्रीमंत घरातले लग्न, दुसऱ्यात लंडनमधले भारतीय कुटुंब. खलनायक जवळजवळ नाहीच, कारण संघर्षच नाही. परदेशातला प्रेक्षक डॉलर आणि पौंडांत पैसे देऊ लागल्यावर त्याच्या स्वप्नातला भारत पडद्यावर आला. १९९७ मध्ये दिल्लीत साकेत येथे पहिले मल्टिप्लेक्स उघडले. १९९८ मध्ये केंद्र सरकारने चित्रपटाला उद्योगाचा दर्जा देण्याचे जाहीर केले. काळ्या पैशाची पकड सैल होऊन बँकांचा आणि कंपन्यांचा पैसा आला. हा बदल हितकारकच होता. पण कंपनीला हवा असतो तो दर डोई अधिक खर्च करणारा ग्राहक.

येथे सरकारचा हात पाहा. करमणूक कर हा आपल्याकडे दीर्घकाळ जबर होता. काही राज्यांत तर तो तिकिटाच्या मूळ किमतीहून अधिक होता. हा कर गरिबाच्या करमणुकीवरचा कर होता आणि एकपडदा चित्रपटगृहांनी तो वर्षानुवर्षे भरला. २००१ पासून महाराष्ट्र सरकारने नव्या मल्टिप्लेक्सना पहिली काही वर्षे या कराची सूट दिली. जुन्या टॉकीजमध्ये स्वस्त तिकीट काढणारा कर भरत राहिला आणि वातानुकूलित मल्टिप्लेक्समध्ये कित्येक पट महाग तिकीट काढणाऱ्याच्या कराची सवलत मालकाच्या खात्यात गेली. दरम्यान शहरांतील जमिनीचे भाव असे चढले की टॉकीज चालवण्यापेक्षा तिची जागा विकणे शहाणपणाचे ठरले. तालुक्या-तालुक्यांत टॉकीज पडल्या; तेथे मंगल कार्यालये आणि दुकाने आली. चीनमध्ये आज ऐंशी हजारांहून अधिक पडदे आहेत. आपल्या देशात ते दहा हजारांच्या आसपासच आहेत, आणि त्यांतील सतराशेच्या आसपास एकट्या पीव्हीआर-आयनॉक्स या २०२३ मध्ये एकत्र झालेल्या कंपनीकडे आहेत.

मजुराचा हिशेब करून पाहू. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. मल्टिप्लेक्समधले शनिवार-रविवारचे तिकीट अडीचशे-तीनशेच्या घरात असते. म्हणजे मजुराच्या चौकोनी कुटुंबाने एक चित्रपट पाहायचा तर तीन-चार दिवसांची मजुरी केवळ खिडकीवर द्यावी लागेल; जाण्यायेण्याचा आणि खाण्याचा खर्च वेगळा. त्याला कोणी बंदी केलेली नाही. किमतीने ते काम परस्पर झाले आहे.

मल्टिप्लेक्समुळे काही चांगलेही घडले, हे नाकारता येणार नाही. अडीचशे-तीनशे खुर्च्यांच्या लहान गृहामुळे लहान चित्रपटाला जागा झाली. ‘श्वास’ (२००४), ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९), ‘कोर्ट’ (२०१४) अशा मराठी चित्रपटांना प्रेक्षक मिळण्यात त्याचा वाटा आहे. न्यायालयात खेचल्या गेलेल्या शाहिराची गोष्ट सांगणारा ‘कोर्ट’ पिटाच्या काळात काढणे अवघड गेले असते. पण एकूण हिंदी पडद्यावर श्रमिक आता मोटारचालक, मोलकरीण किंवा गुन्हेगार म्हणून मालकाच्या गोष्टीत डोकावतो. त्याची स्वतःची गोष्ट क्वचितच असते.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने (२०१६) हे चित्र काही काळ पालटले. खेड्यापाड्यांतला तरुण ट्रॅक्टर-टेम्पोतून तालुक्याला आला आणि त्याने गृहे भरून टाकली. जो प्रेक्षक संपला असे धंदेवाईक सांगत होते तो संपलेला नव्हता. त्याला कोणी बोलावले नव्हते. ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘सैराट’ यांत जातीला नाव होते, वस्ती होती, भाषा होती. मग हिंदीत ‘धडक’ (२०१८) निघाला. गोष्ट उदयपूरच्या हवेलीत गेली आणि जात जवळजवळ नाहीशी झाली. मल्टिप्लेक्सच्या प्रेक्षकाला जे पाहायला नको, ते अनुवादातच गळून पडले.

दक्षिणेकडून काय शिकावे

दक्षिणेत हे थोडे वेगळे घडले. तमिळनाडू आणि आंध्र येथे तिकिटाच्या दरावर सरकारचे नियंत्रण राहिले आणि मोठी एकपडदा गृहे अधिक संख्येने टिकली. पिटातला प्रेक्षक तेथे अजून खिडकीपुढे आहे आणि म्हणूनच पडद्यावर श्रमिकही आहे, असे मला वाटते. ‘पुष्पा’चा (२०२१) नायक रक्तचंदन तोडणारा मजूर, ‘केजीएफ’च्या (२०१८) कथेत सोन्याच्या खाणीतले गुलाम. उत्तरेतील गरीब प्रेक्षकाने हे चित्रपट डोक्यावर घेतले, कारण हिंदीने त्याच्याविषयी बोलणे सोडले होते. परंतु हा मजूर ‘दीवार’च्याच शिडीने वर चढतो आणि वर पोचल्यावर स्वतःच मालक होतो. मजुरांची गर्दी त्याच्या जयजयकारापुरती उरते.

दुसरा मार्ग पा. रंजित आणि मारी सेल्वराज यांनी दाखवला. ‘काला’मध्ये (२०१८) धारावीच्या जमिनीवर डोळा ठेवणाऱ्या बिल्डर-पुढाऱ्याविरुद्ध सारी वस्ती काम बंद ठेवते. पुढे नायकाचे काय होते यापेक्षा वस्ती एकत्र राहते याला तेथे महत्त्व आहे. ‘परियेरुम पेरुमाळ’ (२०१८) दलित विद्यार्थ्याची मानहानी कसलीही चमत्कृती न करता सांगतो. तमिळनाडूत द्रविड चळवळीने ‘पराशक्ती’पासून (१९५२) चित्रपटाला प्रचाराचे आणि संघटनेचे साधन मानले. त्यातून व्यक्तिपूजाही वाढली, हे खरेच. केरळात सोसायट्यांची चळवळ गावोगाव पसरली आणि राज्याच्या महामंडळाने स्वतःची चित्रपटगृहे चालवली. २०२४ मध्ये तेथील सरकारने ‘सी स्पेस’ हा स्वतःचा मोबाईल-पडदाही सुरू केला. घरातल्या ओट्यापाशी बाई कशी झिजते हे दाखवणारा ‘द ग्रेट इंडियन किचन’ (२०२१) ज्या प्रेक्षकाने उचलून धरला, तो अशा तयारीतून घडला आहे.

मोबाईल आणि कात्री

आता पडदा खिशात आला आहे. तिकीट परवडत नाही तो मोबाईलवर पाहतो, मग तक्रार कशाची, असे विचारले जाते. ‘जय भीम’ (२०२१) मोबाईलमुळे घरोघरी पोचला, हे मान्य. पण येथे खिडकीच नाही. कोणता चित्रपट किती जणांनी पाहिला, का घेतला, का नाकारला, याचा हिशेब दोन-चार बड्या कंपन्यांकडे असतो आणि तो त्या सांगत नाहीत. शिवाय पाचशे माणसे अंधारात एकत्र हसतात तेव्हा त्यांना आपण पाचशे आहोत याची जाणीव होते. एकट्याने पाहणाऱ्याला ती होत नाही. ही जाणीव हेच आपल्या राजकारणाचे भांडवल आहे.

सत्तेने मात्र या माध्यमाकडे दुर्लक्ष केलेले नाही. आणीबाणीत ‘किस्सा कुर्सी का’च्या प्रती नष्ट करण्यात आल्या. आज इतके उघड काही करावे लागत नाही. २०२१ मध्ये सेन्सॉरच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचे अपील न्यायाधिकरण रद्द करण्यात आले. लहान निर्मात्याला आता थेट उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. २०२२ मध्ये ‘द काश्मीर फाइल्स’ला अनेक राज्य सरकारांनी करमाफी दिली. २०२५ मध्ये ‘फुले’ या चित्रपटाला जातिवाचक शब्द वगळायला सांगण्यात आले आणि प्रदर्शन दोन आठवडे लांबले. १९५४ मध्ये आचार्य अत्र्यांनी ‘महात्मा फुले’ काढला, तेव्हा त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले होते. जोतीरावांचे चरित्र तेच आहे. सत्तर वर्षांत आपण कोठून कोठे आलो, ते आपणच ठरवावे.

आणखी एक उदाहरण देतो. २०२४ मध्ये पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला कान येथे ग्राँ प्री हे पारितोषिक मिळाले. त्यात मुंबईच्या रुग्णालयातील दोन मल्याळी परिचारिका आहेत, आणि बिल्डरमुळे चाळीतले घर सोडून रत्नागिरीकडे परतणारी, रुग्णालयात स्वयंपाक करणारी पार्वती आहे. दिग्दर्शिका पुण्याच्या सार्वजनिक संस्थेत शिकलेली. मुंबईच्या श्रमिक बायकांची ही गोष्ट उभी राहायला फ्रान्स, नेदरलँड्स अशा देशांचे अर्थसाहाय्य लागले. आमच्या कामगाराचे आयुष्य पाहण्यासारखे आहे, हे युरोपातल्या निधीला पटले आणि मुंबईच्या भांडवलाला पटले नाही.

करण्यासारखे काही

अभ्यासवर्गातून उठताना हातात काही काम असावे, म्हणून चार गोष्टी सुचवतो.

पहिली, तिकिटाचा दर हा मागणीपत्रातला विषय करा. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवर आला. पण त्या दराचे तिकीट शहरात मिळते कोठे? प्रत्येक खेळाच्या ठराविक खुर्च्या शंभर रुपयांच्या आत ठेवण्याची अट परवान्यातच घालावी. कर्नाटक सरकारने २०२५ मध्ये दोनशे रुपयांची कमाल मर्यादा घातली तेव्हा मालक न्यायालयात गेले आणि तिला स्थगिती मिळाली. लढाई सोपी नाही, परंतु ती मागणी लोकांना तात्काळ समजते.

दुसरी, नगरपालिकांची बंद पडलेली नाट्यगृहे आणि एस.टी. स्थानकांच्या मोकळ्या जागा यांत लहान सार्वजनिक चित्रपटगृहे मागा. मॉलला जमीन देणारे सरकार तालुक्याला दोनशे खुर्च्या देऊ शकत नाही, हे मान्य करू नका.

तिसरी, चित्रपट संग्रहालयाला आणि सार्वजनिक अर्थसाहाय्याला स्वायत्तता परत मिळावी यासाठी विधिमंडळात आणि संसदेत प्रश्न विचारले गेले पाहिजेत.

चौथी गोष्ट सरकारवर अवलंबून नाही. तालुक्याच्या प्रत्येक कार्यालयात महिन्यातून एकदा, रीतसर परवानगी घेऊन, एक चित्रपट दाखवा आणि त्यानंतर तासभर बोला. दूध संघाच्या सभासदांना ‘मंथन’ दाखवा, ऊस उत्पादकांना ‘सामना’, शाळा-कॉलेजांतल्या मुलांना ‘फँड्री’, बायकांच्या बैठकीत ‘उंबरठा’. भाषण करण्याची घाई करू नका. आधी त्यांना बोलू द्या. ‘मंथन’मधली सहकारी संस्था आणि आपल्या गावची संस्था यांत काय फरक आहे, एवढा एक प्रश्न विचारला तरी रात्र पुरणार नाही. एक प्रक्षेपक, एक चादर आणि पंचवीस सतरंज्या यांहून अधिक साधन लागत नाही. ज्यांनी कलापथके घेऊन बैलगाडीतून गावे पालथी घातली, त्यांच्या वारसांना हे जड जाऊ नये.

ज्या जिल्ह्यांतून असे खेळ सुरू होतील, तेथील साथींनी प्रेक्षक काय बोलले ते लिहून या साप्ताहिकाकडे पाठवावे. माझ्या भाषणापेक्षा ते टिपण अधिक उपयोगाचे ठरेल.